चोविसावी जागा

"वझलवार, अनुराधा!"

पहिली हाक मी विभागप्रमुखांच्या दारात उभी राहून दिली. कुणी उठलं नाही. दुसरी जिन्याच्या तोंडाशी दिली. व्हरांड्यातल्या बाकांवर बसलेली पोरं-पोरी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. त्याच बाकांच्या शेवटच्या टोकाला, मांडीवर निळी फाइल धरून, माझी वैजयंता बसली होती. प्रतीक्षा यादीत ही वझलवार चार नंबरला आणि वैजू पाच नंबरला. जागा उरली होती एक.

आता तिसरी हाक पोर्चमध्ये जाऊन द्यायची आणि मागं फिरून दारात यायचं, एवढंच माझं काम राहिलं होतं.

या हाकांचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात मी शिपाई होते. माझे मालक तिथंच प्रयोगशाळेत कामाला होते. ते काविळीनं गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतलं. शिक्षण माझं तिसरी. नाव वाचता येतं, सही करता येते, आणि कुणी आगाऊपणा केला तर त्याला जागेवर बसवता येतं. एवढ्यावर त्या दिवसाआधी सोळा आणि नंतर सोळा, अशी बत्तीस वर्षं काढली.

एम.एस्सी.च्या जागा चोवीस. जुलै सरत आला की ज्यांनी फी भरली नाही त्यांच्या जागा मोकळ्या व्हायच्या. मग प्रतीक्षा यादीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी बोलवायचे आणि नंबरवार नावं पुकारायचे. हजर असेल त्याला जागा. पण पोरं कुठं एका जागी बसतात? कुणी कडुनिंबाखाली, कुणी सायकल स्टँडवर. एका वर्षी "आम्हाला ऐकूच आलं नाही" म्हणून मोठी भांडणं झाली. तेव्हा आमचे विभागप्रमुख रत्नपारखी सर, त्यांनी ठरवून टाकलं. गयाबाई तीन हाका देतील. एक दारात, एक जिन्याशी, एक पोर्चमध्ये. तिसरी हाक देऊन त्या परत दारात येईपर्यंत जो आला तो आला. त्यांनी उंबऱ्यात पाय ठेवला की घुगे क्लार्क त्या नावावर लाल रेघ मारतील, आणि मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी ती रेघ पुसायची नाही.

म्हणजे घड्याळ नव्हतंच. माझे पाय हेच घड्याळ. आणि माझा आवाज पलीकडच्या भौतिकशास्त्रापर्यंत जायचा. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी सकाळी मी पदराला पिन लावत होते. वैजू चहाचा कप घेऊन समोर उभी राहिली. कप देईना.

"आई, आज रजा टाक ना."

"का गं? मला काय झालंय?"

"दुसरं कुणी पुकारेल नावं. ते शिंदेमामा आहेत की."

"शिंद्याचा आवाज त्याच्या बायकोला ऐकू जात नाही. कडुनिंबाखाली कुठून जाईल?"

ती हसली नाही. "मग निदान तिथं मला ओळख दाखवू नकोस. मी एका बाजूला बसते. इतरांचं पुकारतेस तसं माझं नाव पुकार, बास."

मी तिच्याकडं नीट बघितलं. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, वेणी घट्ट. बी.एस्सी.ला अडुसष्ट टक्के पाडलेली पोर. लहानपणी बापाबरोबर प्रयोगशाळेत जायची. बाप धुतलेल्या परीक्षानळ्या उलट्या लावायचा आणि ही एक एक पुसून उजेडात धरायची.

"शिपाईणीची पोर म्हणवून घ्यायला लाज वाटते का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तिनं सांगायला तोंड उघडलं होतं. मी उघडू दिलं नाही. म्हटलं, "कळलं. मी तुझी कुणी नाही. तिथं भेटलीस तर मावशी म्हण, सगळी म्हणतात तसं."

तिनं कप खाली ठेवला आणि गेली. चहा तसाच राहिला.

त्या जागेवर काय काय टांगलेलं होतं तेही सांगायला हवं. माझ्या भावानं सेनगावच्या मुलाचं स्थळ आणलं होतं. मी भावाला आणि वैजूला, दोघांना एकच शब्द दिला होता. या खेपेला जागा मिळाली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही मिळाली तर तुळशीचं लग्न लागलं की हिचं. गयाबाई कोरडे दिलेला शब्द फिरवत नाही हे आमच्या अख्ख्या भावकीला माहीत. पोरीलाही माहीत होतं. म्हणून महिनाभर तिच्या डोळ्याला डोळा नव्हता.

विभागात पोचले तर घुगे टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक काढत होता. समोर पालकांची गर्दी. त्यानं मुद्दाम आवाज चढवला.

"काय मावशी, आज हाका जरा बारीकच निघणार वाटतं?"

"घुगेभाऊ, मी बारीक आवाज काढला तर तुम्हाला झोपेतनं उठवायचं कुणी?"

सगळे हसले. घुगेही हसला. पण बोललेलं आत रुतलं, नाही म्हणत नाही.

अकराच्या सुमाराला एक सडपातळ, चष्मेवाली पोरगी माझ्याजवळ आली. पायातली चप्पल तारेनं बांधलेली. "मावशी, दाखल्याची झेरॉक्स कुठं मिळेल? क्लार्क आणखी एक प्रत मागतात."

"फाटकाबाहेर, उजव्या हाताला टपरी आहे. नाव काय तुझं?"

"अनुराधा वझलवार. किनवटहून आलेय."

"एकटीच?"

"हो. वडील आजारी असतात."

"लवकर ये. चार नंबर आहेस तू."

ती गेली, आणि नावं सुरू झाली. पहिला नंबर हजर होता, त्याची जागा झाली. दुसरं नाव भालेराव, कांचन. ही लग्न झालेली बाई, वर्षाचं लेकरू घेऊन आलेली. मी तीन हाका दिल्या, पोर्चमधून फिरले, नेहमीच्या चालीनं दारात आले, उंबऱ्यात पाय ठेवला. घुगेनं रेघ मारली. तेवढ्यात ती धावत आली. लेकरू काखेत, हात कोपरापर्यंत ओले.

"मावशी, लेकरानं घाण केली हो. नळावर धुवायला गेले होते."

"रेघ पडली, बाई."

"अर्ध्या मिनिटाचा तर फरक आहे. तुम्ही पण लेकरंवाल्या आहात."

"आहे ना. पण पाऊल पडलं की पडलं."

तिनं सरांकडं बघितलं. सरांनी कागदात मान घातली. तिनं ओले हात साडीला पुसले आणि ती गेली. मला वाईट वाटलं, पण मान ताठ होती. नियम कसा पाळतात ते घुगेला दिसलं ना, एवढंच मनात.

तिसऱ्या नंबरची जागा झाली. उरली एक. आणि मी वझलवार अनुराधाच्या दोन हाका देऊन पोर्चमध्ये आले.

तिसरी हाक दिली. कडुनिंबाखालच्या साळुंक्या उडाल्या. कुणी आलं नाही.

मी मागं वळले. पोर्चमधून आमचा व्हरांडा सरळ दिसतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटच्या बाकावरून वैजू माझ्याकडंच बघत होती. फाइल छातीशी धरलेली. मीही तिच्याकडं बघत राहिले. पान लावून तोंडात टाकावं एवढा वेळ तरी मी तिथं उभी होते. नेहमी मी पोर्चमध्ये थांबत नाही.

खिडकीतून सरांनी हाक दिली, "गयाबाई, झालं. या आत."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

घुगे लाल पेन हातात घेऊन दारात आला. सकाळी टोमणा मारणारा माणूस, आता त्याचाच आवाज खाली आला होता. "मावशी, फिरा की मागं. तुमच्याच पोरीचा नंबर आहे."

"ती पोरगी झेरॉक्सला गेलीय. मला माहीत आहे."

"असू दे की! भालेराव बाईसाठी थांबलात का?"

"मी अजून दारात आले नाही," मी म्हटलं. आणि दाराकडं जायच्या ऐवजी फाटकाकडं निघाले.

टपरीवर वीज गेलेली. अनुराधा मशीनजवळ उभी, डोळ्यांत पाणी. "मावशी, दाखला आत अडकलाय. वीज आल्याशिवाय निघत नाही म्हणतात."

"दाखला राहू दे. तुझं नाव संपायला आलंय. चल."

तिचं मनगट धरलं आणि निघाले. पोरीची चप्पल वाटेत तुटली, ती अनवाणी धावत आली. व्हरांड्यातून जाताना मी शेवटच्या बाकाकडं बघितलं नाही. दारात आधी तिला ढकललं आणि मग उंबऱ्यात माझा पाय ठेवला.

घुगेनं लाल पेन खाली ठेवून निळं उचललं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून दारात आले आणि बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुलांनो, पाहिलंत? पुढचा नंबर यांच्या स्वतःच्या मुलीचा होता. तरी ही बाई दुसऱ्याच्या मुलीला शोधायला गेली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि सगळ्यांच्या माना एकदम शेवटच्या बाकाकडं वळल्या. वैजू उठली, फाइल काखेत मारली आणि खाली मान घालून पोर्चमधून निघून गेली. अनुराधा माझ्या पायाशी वाकली होती. मी तिला उठवलं, "बरं बरं," म्हटलं. मला तेव्हा काय वाटत होतं ते विचाराल तर, मला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं.

संध्याकाळी घरी आले तर वैजू भाकरी थापत होती.

"त्या पोरीचा हक्क होता," मी म्हटलं.

"हो."

"नियम आहे तो."

"हो, आई."

एवढंच. ती चिडली असती तर मी दहा तोंडांनी भांडले असते. भांडायला माझ्याकडं भरपूर होतं. पण तिनं ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि चुलीतला जाळ मागं ओढला.

सतरा दिवसांनी अनुराधा वझलवार विभागात आली ती दाखला परत घ्यायला. मुंबईला तिच्या मामाकडं राहायची सोय झाली होती आणि तिकडच्या यादीत तिचा नंबर लागला होता. माझ्यासाठी तिनं पेढे आणले होते. "मावशी, तुमच्यामुळं माझं वर्ष वाचलं," म्हणाली. तिचं काय चुकलं? मिळालं तिकडं गेली.

मी धावत सरांच्या खोलीत गेले. "सर, जागा मोकळी झाली. पाच नंबरला बोलवा."

सरांनी माझ्याकडं बघितलं आणि कॅलेंडरकडं बघितलं. प्रवेशाची शेवटची तारीख चार दिवसांपूर्वी उलटली होती. तरी बिचाऱ्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं. ते पत्र मीच या इमारतीतून त्या इमारतीत नेऊन दिलं, पोच घेतली. दहा दिवसांनी उत्तर आलं, तेही मीच आणलं. वाचता आलं नाही सगळं, पण सरांचा चेहरा वाचता आला.

दोन वर्षं ती जागा तशीच राहिली. प्रयोगशाळेत प्रत्येकाला एक स्टूल आणि त्याच्यापुढं एक नळ. चोविसाव्या स्टुलावर कुणी बसायचं नाही. मी रोज सकाळी सगळी स्टुलं पुसायचे आणि तेही पुसायचे. तेवढ्यावर धूळ जास्त बसते, बाकीच्यांची पोरं बसून बसून पुसतात.

तुळशीचं लग्न लागलं आणि पंधरा दिवसांत वैजूचं. मी शब्द फिरवला नाही. जावई वाईट नाही. त्यानं तिला बी.एड. करू दिलं. आज ती सेनगावजवळच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. तिथं प्रयोगशाळा म्हणजे एक काचेचं कपाट, त्याला कुलूप. आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. सणाला यायची, चार दिवस राहायची, माझे पाय चेपायची. भांडायची मात्र नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणी आल्यासारखी नीट वागायची. मला ते सगळ्यात जास्त लागायचं.

मी निवृत्त झाले तेव्हा विभागानं निरोपाचा कार्यक्रम केला. रत्नपारखी सर थकले होते, काठी टेकत आले. त्यांनी भाषणात हीच गोष्ट सांगितली. कुठल्याही पुस्तकात न मिळणारा धडा, असं काहीतरी म्हणाले. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत वैजू बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. मला साडी दिली, नारळ दिला आणि काचेच्या चौकटीत घातलेलं मानपत्र दिलं.

घरी आल्यावर ते मी तिच्या हातात दिलं. "अक्षरं फार बारीक आहेत. वाच जरा, काय काय लिहिलंय."

तिनं खिडकीजवळ जाऊन वाचलं. वर्गात धडा वाचतात तसं, स्वल्पविराम घेत घेत, एक ओळ न गाळता. पोटच्या मुलीची जागा, निःस्वार्थ सेवा, तत्त्वनिष्ठा, सगळं. शेवटी खालची तारीख आणि सह्या केलेल्यांची नावंसुद्धा वाचली. मग चौकट मांडीवर ठेवली.

"छान लिहिलंय," म्हणाली.

मला राहवलं नाही. "वैजू, ते सगळं खरं नाही."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"लेकरू घेऊन आलेल्या त्या बाईसाठी तू अर्धं मिनिट थांबली नाहीस. मी बघत होते ना. मग हिच्यासाठी पार फाटकाबाहेर गेलीस. नियमासाठी गेली नव्हतीस तू." तिचा आवाज वर चढला नव्हता. "सोळा वर्षं विचारीन म्हणते. पोर्चमध्ये कशाला थांबली होतीस? एवढा वेळ?"

"तू हाक मारशील म्हणून," मी म्हटलं. "सगळ्यांच्या पुढं एकदा 'आई' म्हणशील म्हणून. आई, मागं फिर, एवढंच. मी तिथूनच फिरले असते. तुला जागा दिली असती, घुगे काय म्हणायचं ते म्हणो. तू बोलली नाहीस. मग मला वाटलं, नाही ना मी तुझी कुणी, मग बघ."

ती चौकटीच्या कडेवरून बोट फिरवत बसली.

"लाज वाटली होती का गं तुला माझी? त्या दिवशी सकाळी?"

"वाटली होती. थोडी. खोटं कशाला सांगू." मग थांबून म्हणाली, "पण नुसती लाज नव्हती. आदल्या आठवड्यात फॉर्म द्यायला आले, तेव्हा घुगेकाका कुणाला तरी म्हणत होते, मावशीची पोरगी म्हणजे शेवटची जागा घरातच. मला वाटलं, तू पुकारलं नाहीस तर तुझ्या नावाला कुणी काही म्हणणार नाही. तेच सांगणार होते. तू सांगू दिलं नाहीस."

"मग व्हरांड्यात तरी बोलायचं होतंस."

"मी कशाला बोलू?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मला वाटलं, आई आहे. येईलच."

मी उठून चहा ठेवायला गेले. स्टोव्ह पेटेना. काडी विझत होती, दुसरी ओढत होते, तीही विझत होती. मागं ठोकल्याचा आवाज आला म्हणून बघितलं. वैजू स्टुलावर चढून भिंतीत खिळा मारत होती.

"अगं, राहू दे ते. पेटीत टाकते मी."

"नको. लोक येतील भेटायला, विचारतील कुठंय म्हणून. तुझं नाव आहे त्याच्यावर." तिनं मानपत्र खिळ्याला अडकवलं, खाली उतरली, दोन पावलं मागं जाऊन ते सरळ लागलंय का बघितलं. एक बाजू जरा खाली होती, ती बोटानं वर केली. मग पाचची बस होती म्हणून चहा न घेता निघाली.

आता ती सणालाही कमी येते. शाळा, परीक्षा, तिच्या पोरांचं. येणारे-जाणारे भिंतीकडं बघतात, मोठ्यानं वाचतात, हात जोडतात. मी कुणाला काही सांगत नाही. जेवायला बसताना तेवढी भिंतीकडं पाठ करून बसते.